पत्ता वेगळा, पिन वेगळी

श्रोतेहो, नमस्कार.

ऑनलाइन यादीत दुकानाचा पत्ता अगदी बिनचूक असतो, तरी गिऱ्हाईक मागच्या गल्लीत घुटमळत राहतं. कारण पत्ता वेगळा, नकाशावर जागा दाखवणारी पिन वेगळी. पत्ता आपण लिहितो, पिन बहुतेक वेळा यंत्र लावतं. आणि पत्ता नीट उमगला नाही, तरी ते नकाशा कोरा ठेवत नाही. रस्त्याच्या नाहीतर पिनकोडच्या मध्यावर पिन ठोकून मोकळं होतं.

याचं टोक पाहायचं तर अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, पॉटविन गावाजवळच्या एका शेतघरी जावं लागेल. आयपी क्रमांकावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकावरून, ती जोडणी कुठली ते सांगणारी मॅक्समाइंड ही कंपनी. ज्या क्रमांकाबद्दल ‘अमेरिकेतला’ एवढंच कळे, त्यालाही जागा द्यायची म्हणून तिने देशाच्या मध्याजवळचा एक सुटसुटीत बिंदू धरला : 38 अंश उत्तर, 97 अंश पश्चिम. तो पडला या शेतघराच्या अंगणात. पत्रकार कश्मीर हिल यांनी 2016 मध्ये हे उघडकीला आणलं, तेव्हा 60 कोटींहून जास्त क्रमांक त्या एका बिंदूवर साचले होते. कुठेही ऑनलाइन फसवणूक झाली, की माग याच दारात यायचा. पोलीस आले, एफबीआयवाले आले, करखात्याचे लोक आले. जीव द्यायला निघालेल्या माजी सैनिकांना शोधत रुग्णवाहिका आल्या. एकदा तर कुणीतरी फुटका कमोड वाटेत आणून टाकला. घरच्यांना कारण ठाऊक नाही, येणाऱ्यांनाही नाही! अखेर कंपनीने तो बिंदू उचलून विचिटा शहराच्या पश्चिमेला एका तलावात नेऊन ठेवला.

माझं तर ठाम मत आहे, अंदाजाने लावलेल्या पिनेचा रंगच वेगळा असावा. आणि दारावर ठळक क्रमांक लावायची सवयही सुटता कामा नये.

तर आपली पिन आपणच लावायची. दुकानाच्या आत नव्हे, दारात उभे राहा. नकाशावरचं निळं वर्तुळ आकसेपर्यंत थांबा. उघड्यावर फोनची चूक साधारण 5 मीटर. उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि चूक वाढते. तिथे उपग्रहचित्रात आपलं छप्पर ओळखून पिन हाताने ओढा. अक्षांश-रेखांश भरायचे असतील तर दशांशानंतर 5 आकडे हवेत, 5 आकडे. पाचवा आकडा म्हणजे सुमारे 1 मीटर. तीनवर थांबलात तर शंभरेक मीटर इकडेतिकडे.

जागा बदलली तर नवी नोंद करू नका, जुनीच हलवा. याद्या एकमेकींकडून माहिती उचलतात, त्यामुळे जुनी नोंद कुठेही राहिली की पुन्हा वर येते.

शेवटी दुसऱ्याच्या फोनवरून आपलंच दुकान शोधा आणि रस्ता विचारा. पिन इमारतीच्या मध्यावर असेल, तर नकाशा जवळात जवळचा रस्ता धरतो, आणि तो बऱ्याचदा मागचाच असतो. वाट पुढच्या दारापाशी संपेपर्यंत पिन सरकवत राहा.