राखलेलं गवत

डिसेंबरची सकाळ. सासवडच्या पूर्वेकडचा हा माळ दवाने भिजलाय. सहाही गायी अजून दावणीलाच आहेत, कारण ऊन चढून दव उडाल्याशिवाय आजोबा गुरं सोडत नाहीत.

या गायीचा ओठ जवळून बघा. त्यात एक काळपट कुसळ रुतलंय. ओल लागली की त्याचा पीळ सुटतो, ऊन लागलं की पुन्हा आवळतो, आणि असं वळत वळत बी जमिनीत शिरतं. मातीत शिरतं तसंच जिभेतही.

चांगल्या माळाची ओळख म्हणजे पवना आणि मारवेल ही गवतं. गुरं आधी तेच शोधून खातात. रोज एकाच जागी चराई झाली की हे गवत मागे पडतं आणि अशी कुसळं असलेलं कुसळी गवत पसरतं. कुसळीने भरलेला माळ दिसला तर समजावं, या जमिनीला विसावाच मिळालेला नाही.

म्हणून आजोबांनी माळाचे तीन भाग केलेत. एकात गुरं दिवाळीपासून चरतात, दुसऱ्यात संक्रांतीनंतर. तिसरा यंदा बंद. तिथलं निम्मं गवत फुलोऱ्यात असतानाच कापून गंजी रचली, निम्म्याचं बी जमिनीवर पडू दिलं. कापणीला उशीर झाला की गवताचं सत्त्व जातं, नुसती काडी उरते.

आता हिशेब. ३५० किलो वजनाच्या गायीला दिवसाला साधारण ९ किलो कोरडा चारा लागतो. दिवाळी ते होळी १२० दिवस धरले, तर सहा गायींना जवळपास साडेसहा टन. वाळल्या माळातून एवढं कुठून निघणार? जोडीला गेल्या वर्षीच्या शाळूचा कडबा आहे, थोडा लसूणघास आहे. घास उपाशीपोटी दिला तर पोट फुगतं, म्हणून आधी कडबा, मग घास.

खरिपाची ज्वारी कापली की खोडव्याला कोवळे फुटवे येतात. सगळीकडे वाळलेलं असताना तेवढंच हिरवंगार दिसतं, आणि तिथेच किराळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीतल्या विषाची बाधा होते. आजोबांची एक गाय दावं तोडून त्या रानात गेली होती. डॉक्टर येईपर्यंत तिने मान टाकली. आजोबा त्या वावराकडे बोट दाखवतात आणि गप्प होतात.

माळ पेटवला की गवत जोमाने येतं, असं अजूनही लोक म्हणतात. जानेवारीत वणवा लागला तर हातचा चारा जातो, पडलेलं बी जळतं, जमीन जूनपर्यंत उघडी राहते आणि वळवाच्या पहिल्याच सरीत माती वाहून जाते. रस्त्याच्या कडेचा हा पट्टा आजोबांनी विळ्याने साफ केलाय, तो आग आत येऊ नये म्हणून.

दिवस कलला. आजोबा खाली बसून चरलेल्या गवताच्या खुंटाला बोटं लावतात. चार बोटं उंची उरली पाहिजे. त्याखाली खाल्लं तर पावसाळ्यात फुटवा कमजोर येतो.

आज तीनच बोटं भरली. संक्रांत अजून लांब आहे.

आजोबा उठतात आणि दुसऱ्या भागाच्या तोंडावरचे दगड बाजूला करू लागतात.