काढ्याने रक्तवाहिनी मोकळी झाली का? मानेचा डॉप्लर असा वाचा

नमस्कार. जत, तासगाव, कवठेमहांकाळहून मिरजेला तपासणीला येणारे अनेकजण मानेच्या डॉप्लरचे, म्हणजे मानेतल्या रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीचे, दोन रिपोर्ट शेजारी ठेवून विचारतात. अर्जुनसालीचा काढा घेण्याआधी धमनीच्या भिंतीची जाडी 0.82 मिलिमीटर होती, तीन महिन्यांनी 0.76 आली. काढा लागू पडला ना?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. रिपोर्टमधली 'आयएमटी' म्हणजे धमनीच्या आतल्या दोन थरांची जाडी. ती वर्षाला साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकीच बदलते. मोजणारा हात किंवा मशीन बदललं, तर 0.05 ते 0.1 चा फरक सहज पडतो. औषधाचा परिणाम त्यातच बुडून जातो.

(स्क्रीनवर मानेच्या धमनीचं चित्र)

हे बघा, दोन समांतर पांढऱ्या रेषा. मोजायची ती प्रोबपासून (मानेवर टेकवतात त्या यंत्राच्या टोकापासून) लांबची भिंत, धमनी फुगीर होते त्याच्या अलीकडचा एक सेंटिमीटर. प्रोब तिरका धरला की भिंत जाड दिसते. गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, वाढवला की रेषा पसरतात. ठोका पडताना धमनी ताणली जाऊन भिंत पातळ होते, म्हणून ईसीजी लावून ठोक्याआधीचं चित्र थांबवायचं. पुन्हा तपासणी करायचीच असेल तर तेच केंद्र, तेच मशीन, तीच बाजू. जुनी चित्रं सोबत न्या, नुसता कागद नको.

माझ्या मते आयएमटीपेक्षा प्लाक, म्हणजे भिंतीवर साचलेली चरबीची गाठ, बघा. भिंत 1.5 मिलिमीटरपेक्षा जाड असेल किंवा गाठ आत अर्धा मिलिमीटर तरी घुसली असेल, तर तो प्लाक. काळसर, मऊ प्लाक जास्त धोक्याचा. पांढरा झाला म्हणजे बिघडलाच असं नाही. रक्ताचा वेग सेकंदाला 125 सेंटिमीटरच्या वर गेला की 50 टक्के अरुंदपणाची शंका येते, 230 च्या वर गेला की 70 टक्क्यांची. ध्वनिलहरी आणि रक्तप्रवाह यांच्यातला कोन मात्र 60 अंशांच्या आतच हवा, नाहीतर आकडा खोटा वाढतो.

आता जडीबुटीचं. 2003 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने वाईट कोलेस्टेरॉल घटलं नाही, उलट थोडं वाढलं. गुग्गुळ डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाब-हृदयाच्या औषधांचा असर कमी करू शकतो. लसणाच्या गोळ्या वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर घेतल्या तर रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून काढ्याची पुडी, गोळ्यांची बाटली, सगळं डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. आकडा 0.76 आला म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) किंवा ॲस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नका.