आधीचा आकडा

(ज्येष्ठ नागरिक संघातील व्याख्यान, संपादित)

मंडळी, तुमच्यापैकी बहुतेकांच्या फायलीत जुना ईसीजी असेल. नव्यात काही वेगळं दिसलं की आम्ही डॉक्टर आधी तोच मागतो. मेंदूच्या बाबतीत मात्र जुना कागद मागून उपयोग नसतो, कारण तो कुणाकडेच नसतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त बँक कर्मचारी आले. आयुष्यभर कॅशवर बसलेले. बरोबर काकू होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, दुधाचा हिशेब हे आता तीन-तीनदा करतात. आधी तोंडी करायचे." मी स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासणारी 'मोका' चाचणी घेतली. माँट्रियलचे डॉ. झियाद नसरेद्दीन यांची, २००५ साली प्रसिद्ध झालेली. दहा-पंधरा मिनिटं लागतात, गुण ३०, आणि ती मराठीतही आहे. काकांनी शंभरातून सात-सात वजा केले, बिनचूक. कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं नेमकी दाखवली. सुरुवातीला सांगितलेले पाच शब्द मात्र थोड्या वेळाने विचारले, तेव्हा दोनच आठवले. बाकी तिन्हींसाठी ते बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले.

२७ गुण. २६ किंवा त्यावर म्हणजे ठीक, असा संकेत आहे. मी तसं सांगितलं. काकू उठल्या नाहीत. "ठीक असेल हो, पण हे असे नव्हते."

दीड वर्षाने त्यांना २२ गुण पडले. काकूंचं बरोबर होतं. काकांचे मूळचे गुण बहुधा तिसाच्या जवळ असणार आणि तिथून ते आधीच घसरलेले होते. काकूंकडे चाळीस वर्षांची मोजपट्टी होती. माझ्याकडे फक्त सगळ्यांसाठीचा तक्ता होता. मला ती दीड वर्षं आजही बोचतात.

याच्या उलटही होतं. शाळेत न गेलेल्या आजींच्या हातात पेन्सिल देऊन ठोकळा काढायला सांगितला, की गुण पडतातच कमी. त्याच आजी बाजारात भाजीचे पैसे क्षणात मोजतात. हरियाणातल्या बल्लभगडमधल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी अशीच एक जुनी इंग्रजी चाचणी हिंदीत आणली, तेव्हा 'वाचा आणि तसं करा' ऐवजी 'माझ्याकडे बघा आणि मी करते तसं करा' असं ठेवलं. वाक्य लिहून घेण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगायला लावलं. 'मोका'तही शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. पण एका गुणाने आजींवरचा अन्याय भरून निघत नाही. त्यांची तुलना त्यांच्याशीच व्हायला हवी.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. तक्रार नसलेल्या प्रत्येक ज्येष्ठाची अशी तपासणी करावी की नाही, याला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०२० मध्ये म्हटलं. ते मला मान्य आहे. या चाचणीने रोगाचं निदान होत नाही, आणि मी ती आजार शोधायला करा म्हणतही नाही. माझं मागणं आधीच्या आकड्याचं आहे. तो हाताशी असला की घसरण लवकर कळते, आणि काही कारणं बरी होण्यासारखी असतात: बी-१२ ची कमतरता (आपल्यात शाकाहारी पुष्कळ, शिवाय मधुमेहाची मेटफॉर्मिनही ते कमी करते), थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या. कानाला कमी ऐकू येत असेल, तर शब्द विसरला जात नाही, तो पोचतच नाही.

साठीच्या आसपास, प्रकृती धड असताना करा. ताप असेल, घरात दुःख झालेलं असेल, रात्रभर झोप नसेल, तर त्या दिवशी नको. चष्मा आणि श्रवणयंत्र लावून बसा. दोन-तीन महिन्यांत पुन्हा करू नका. प्रश्न पाठ होतात आणि गुण उगाच वाढतात. घरी इंटरनेटवर उत्तरं बघून सराव तर अजिबात नको. तो आकडा कुणाच्याच कामाचा राहत नाही.

कागदावर गुणांबरोबर तारीख, चाचणीची भाषा, शिक्षण आणि चालू औषधं लिहून घ्या. आणि खाली घरच्या माणसाच्या हातचं एक वाक्य: सध्या दुधाचा हिशेब कोण करतं, आणि कसा.