उसाचं बिल आणि दुधाचं बिल : घरचं कृषी दुकान वाढवताना

मंडळी, घरच्या कृषी दुकानाच्या वाढीचा विषय निघाला की पहिला प्रश्न जागेचा येतो. शेजारचा गाळा घ्यावा का, फाट्यावर दुसरं दुकान टाकावं का, बादल्या-टाक्या-पेंड ठेवावी का. माझं म्हणणं असं की जागेच्या आधी आपला पैसा किती दिवसांनी परत येतो ते बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरात पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. उसाचा येतो गळीत हंगामात. दुधाचा येतो दर दहा दिवसांनी. खत-औषधाचं दुकान उसाच्या पैशावर उभं असतं. ते दुधाच्या पैशाशीही जोडून घेणं, म्हणजे घराचं आणि गोठ्याचं सामान नीट विचारानं ठेवणं, ही आपल्या भागातली खरी वाढ.

आधी युरियाचा हिशेब करू. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांची. विक्रेत्याचं मार्जिन टनाला 354 रुपये, म्हणजे गोणीमागं जवळजवळ 16 रुपये. हमाली, फाटकी गोणी, जागेचं भाडं यातूनच. आता ही गोणी मे महिन्यात खोडव्याला (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला) उधार दिली आणि पैसे जानेवारीत उसाच्या बिलावर आले, तर आठ महिने गेले. बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे दुकानाचं खेळतं कर्ज, वर्षाला 12 टक्क्यांनी धरलं तर आठ महिन्यांचं व्याज 8 टक्के, म्हणजे 21 रुपये. मिळाले सोळा, गेले एकवीस. आडसालीला तर लागण जुलै-ऑगस्टची आणि तोड सोळा-अठरा महिन्यांनी. तिथं लागणीचा डोस उधार दिलात तर व्याज चाळीस रुपयांच्या वर जातं. विक्री वाढतेय, वही भरतेय आणि दुकान आतून पोकळ होतंय, असं दिसतं तेव्हा कारण बहुतेक वेळा हेच असतं.

शिवाय ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे तोडीनंतर चौदा दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर) द्यायची असली, तरी त्या बिलातून आधी सेवा सोसायटीचं पीक कर्ज कापलं जातं. दुकानदाराचा नंबर त्यानंतर. म्हणून उधारीची मर्यादा ठरवताना त्या माणसाची सोसायटीची बाकी विचारली पाहिजे. विचारायला संकोच वाटतो हे खरं, पण नंतर दारात जाऊन उभं राहण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. साधा नियम ठेवा : कमी मार्जिनचा माल रोखीनं, उधारी फक्त जास्त मार्जिनच्या मालावर, आणि तीही एकरामागं ठरलेल्या रकमेपर्यंतच.

युरिया ठेवायचाच नाही, असं मात्र नाही. त्यासाठी माणूस दुकानात येतो. पण किती ठेवायचा हे अंदाजानं ठरवू नका. गिऱ्हाइकांचं क्षेत्र लिहून घ्या. आडसाली उसाची शिफारस हेक्टरी 400 किलो नत्राची, म्हणजे एकरी 160. त्यातलं 40 टक्के मोठ्या बांधणीला (उसाला माती चढवताना), म्हणजे 64 किलो नत्र. युरियात नत्र 46 टक्के, म्हणून एकरी 139 किलो, साधारण तीन गोण्या. तुमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचा आडसाली 200 एकर असेल तर बांधणीच्या त्या पंधरवड्यात 600 गोण्या, 27 टन लागतील. ट्रक कधी मागवायचा, गोडाऊन किती रिकामं ठेवायचं, हे यावरून ठरतं. बांधणी होऊन गेल्यावर आलेली गाडी नुसतीच जागा अडवते आणि दमट हवेत तिच्यातला युरिया खडे धरतो.

पॉस मशिनबद्दल, म्हणजे खत देताना गिऱ्हाइकाचा अंगठा घेऊन विक्री नोंदवणाऱ्या मशिनबद्दल, एकच सांगतो. गर्दीत अंगठा न घेता गोण्या द्यायच्या आणि संध्याकाळी कुणाच्या तरी नावावर चढवायच्या, ही सवय दुकान बंद पाडते. मशिनवरचा साठा आणि गोडाऊनमधला साठा जुळला नाही की परवाना निलंबित होऊ शकतो. गर्दीच्या दिवसांत घरातला एक माणूस फक्त मशिनवर बसवा.

आता दुधाच्या पैशाकडे येऊ. शेती आणि घर एका छपराखाली, ही कल्पना जिल्ह्याला नवी नाही. शेतकरी सहकारी संघानं आणि वारणा बाजारानं ती सहकारातून कधीच करून दाखवली आहे. घरच्या दुकानानं ती करताना पहिली मोठी अडचण कायद्याची. कीटकनाशक नियम 1971 प्रमाणे माणसाच्या किंवा जनावराच्या खाण्याची वस्तू ज्या इमारतीत साठवलेली किंवा विक्रीला ठेवलेली आहे, त्या इमारतीत कीटकनाशक ठेवता-विकता येत नाही. म्हणजे औषधाच्या कपाटाशेजारी पेंडेची पोती नाहीत आणि काउंटरच्या दुसऱ्या टोकाला तेल-साखरही नाही. मधे प्लायचं पार्टिशन घालून हे भागत नाही. नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. वरच्या फळीवरची बाटली गळते, खालचं पोतं ओलं होतं, दुपारी ते वाळतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. चार दिवसांनी कुणाची तरी म्हैस दगावते. एका घराचं दहा दिवसांचं बिल त्या म्हशीवर चालत असतं. पेंड ठेवायची तर वेगळी इमारत घ्या, नाहीतर पेंड ठेवूच नका.

माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. पशुखाद्य दूध संस्थेतून बिलात कापून मिळतं, त्याच्याशी स्पर्धा कशाला? संस्था जे देत नाही ते ठेवा. दावं, कासरा, म्होरकी, कॅन, बादल्या, गोठ्यातलं रबर मॅट, पाण्याची नळी, पाचशे आणि हजार लिटरच्या टाक्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सुटे भाग. कडबाकुट्टीची पाती, बेअरिंग, पट्टा, फवारणी पंपाचे वायसर, नोझल, ट्रिगर, चार्जर, ठिबकच्या 16 मिलिमीटर नळीचे जॉइनर, ग्रोमेट, एंड कॅप, मोटारीचे कपॅसिटर.

पट्ट्याचंच उदाहरण घ्या. तुटलेला व्ही-पट्टा घेऊन माणूस येतो, नंबर घासून गेलेला असतो. पट्ट्याची रुंदी बघून ए की बी ते ठरवायचं आणि आतल्या बाजूनं इंचात मोजायचं. बी-52 म्हणजे बी सेक्शन आणि आतली लांबी 52 इंच. तुटका पट्टा ताणून लांब झालेला असतो, त्यामुळे माप इंचभर जास्त येतं; जमलं तर मशिनच्या पुल्यांवर दोरी फिरवून माप आणायला सांगा. चुकीचा पट्टा दिलात तर तो घसरतो, तापतो आणि आठवड्यात परत येतो, सोबत गिऱ्हाइकाची नाराजीही. गावात कुठली कडबाकुट्टी जास्त आहे ते बघून तीन-चार नंबर ठरवा आणि प्रत्येकाचे दोन पट्टे कायम ठेवा. एक विकला की त्याच संध्याकाळी कोल्हापूरच्या उद्यमनगरला घाऊक दुकानदाराला फोन. पट्टा किती रुपयांचा, हा प्रश्नच नाही. वैरण कापायची थांबलेली असते, त्यामुळे तो रोखीनं आणि लगेच जातो. नवीन मशिन विकून जे वर्षातून एकदा मिळतं, त्याहून हे रोजचं येणं दुकानाला जास्त धरून ठेवतं.

घराचं सामान घेणारी बहुतेक बाई असते, आणि दुधाचं बिलही अनेक घरांत तिच्याच हातात असतं. औषधाच्या उग्र वासातून, पुरुषांच्या घोळक्यातून तिनं आत यायचं, असं दुकान असेल तर ती येणार नाही. दार वेगळं ठेवा, किमतीच्या चिठ्ठ्या लावा, काउंटरवर घरातली बाई बसवा. बिल वाटपानंतरचे दोन-तीन दिवस हे दुकानाच्या या भागाचे बाजाराचे दिवस. माल त्याच्या आधी लागलेला पाहिजे. बेंदराचं, म्हणजे बैलांच्या सणाचं, सामान मात्र बेतानं घ्या. गोंडे, माटाट्या, शेंब्या सणानंतर वर्षभर पडून राहतात, आणि बैलही आता कमी झालेत.

बियाण्याबद्दल शिरोळ, हातकणंगले, गडहिंग्लजच्या दुकानदारांना एक कळकळीनं सांगतो. सोयाबीनच्या बियाचं साल नाजूक असतं. गाडीतून पिशवी फेकली, उंच थप्पी मारली की उगवण तिथंच जाते. पिशव्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, पाच-सहा थरांपेक्षा उंच नाहीत. प्रत्येक लॉटमधले शंभर दाणे ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत गुंडाळून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांत चांगले कोंब मोजा. उगवणीचं ठरलेलं प्रमाण किमान 70 टक्के आहे. साठच आले तर तो लॉट विकू नका, कंपनीला लेखी कळवून परत करा. पेरणी वाया गेलेल्या शेतकऱ्याचा हंगाम आपण परत देऊ शकत नाही.

पंचगंगाकाठच्या दुकानांनी 2019 आणि 2021 चा पूर बघितलाय. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. माल हलवायला 39 लाच सुरुवात करा. आधी औषधं, कारण ती पाण्यात मिसळली तर नुकसान आपल्यापुरतं राहत नाही. मग बियाणं, मोटारी, खताचे खालचे थर. विम्यात प्रत्येक गोडाऊनचा पत्ता वेगळा लिहिलाय का आणि पूर त्यात आहे का, हे मे महिन्यात तपासा. भाड्याचं दुसरं गोडाऊन पॉलिसीत नसतं आणि नेमका तिथलाच माल भिजतो.

शेवटी घरातल्या व्यवहाराबद्दल. घरी नेलेली बादली असो की शेतावर नेलेली खताची गोणी, तिचं बिल झालंच पाहिजे. नाहीतर साठा जुळत नाही आणि दोष नोकरावर जातो. दुकानात बसणाऱ्या प्रत्येक भावाला, मुलाला, सुनेला ठरलेला पगार द्या, आणि नफ्याची वाटणी वर्षाअखेर भागीदारी पत्राप्रमाणे करा. कीटकनाशकाच्या परवान्याला नियमात ठरलेलं शिक्षण घेतलेला माणूस लागतो, उदाहरणार्थ कृषी पदवीधर किंवा रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र असा विषय घेतलेला विज्ञान पदवीधर. दुसरी शाखा काढली की तिथला परवाना वेगळा आणि तिथंही असा माणूस लागणार. पुढच्या पिढीतलं कोण काय शिकतंय, हे शाखेची जागा बघायच्या आधी घरात बसून ठरवा. मालकी बदलली की परवान्यातही तो बदल करून घ्यावा लागतो. वडिलांच्या एकट्याच्या नावावर सगळं असेल तर भागीदारी पत्र आणि परवान्यातली नावं याच वर्षी करून घ्या, वडील सही करायला धडधाकट आहेत तोवर.