उद्याच्या गुन्ह्याची शिक्षा

मंडळी, खुनाचा किंवा बलात्काराचा निकाल लागला की बसस्टँडवर, पारावर एकच बोलणं ऐकू येतं: "असा माणूस गावात परत येऊच नये." या बोलण्यामागची भीती खरी आहे. एकटीनं निंदणाला जाणारी बाई ती रोज सोबत घेऊन शेतात जाते. म्हणूनच विचारतो, आपण त्या माणसाला शिक्षा कशाची मागतो? त्यानं केलं त्याची, की तो पुढे करेल असं आपल्याला वाटतं त्याची?

केलेलं साक्षी-पुराव्यानं सिद्ध होतं. पुढचं सिद्ध होत नाही, त्याचा अंदाज बांधावा लागतो. आणि असे अंदाज आपल्याकडे रोज बांधले जातात. तडीपारी त्यावरच चालते, चांगल्या वर्तणुकीचा बाँड त्यावरच मागतात. महाराष्ट्राच्या १९८१ च्या एमपीडीए या धोकादायक कृत्यांना आळा घालायच्या कायद्यात तर 'धोकादायक व्यक्ती' अशी व्याख्याच आहे. त्या व्याख्येत बसवलेल्या माणसाला खटला न चालवता १२ महिन्यांपर्यंत स्थानबद्ध ठेवता येतं.

अंदाज कसा बांधतात? वय, आधीचे गुन्हे, दारू, रोजगार, संगत. अशी माणसं पुन्हा किती वेळा गुन्हा करतात, हे बघून या माणसाचं भविष्य ठरवायचं. तुम्ही पीक विम्यात हेच भोगलं आहे. महसूल मंडळाची सरासरी बरी निघाली की तुमचं सोयाबीन डोळ्यांदेखत सडलं तरी भरपाई मिळत नाही. सरासरी खोटी नसते, पण ती तुमच्या वावराची नसते. विम्यात पैसा जातो, इथे माणसाची वर्षं जातात. कधी जीव जातो.

अमेरिकेत टेक्सासमध्ये फाशी द्यायची तर हा आरोपी पुढेही हिंसा करेल का, हा प्रश्न ज्युरीपुढे, म्हणजे निवाड्याला बसवलेल्या सामान्य नागरिकांपुढे, ठेवतात. १९८३ च्या बेअरफूट खटल्यात तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनंच सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की दूरच्या काळातल्या हिंसेबद्दलची तीनपैकी दोन भाकितं चुकतात. ज्यांचं हे शास्त्र, तेच सांगत होते. तरी न्यायालयानं अशी साक्ष चालू दिली आणि फाशी कायम राहिली.

इंग्लंडनं २००३ च्या कायद्यानं बेमुदत शिक्षा आणली. किमान मुदत भोगायची आणि पुढे धोका उरला नाही अशी सुटकेचा निर्णय घेणाऱ्या पॅरोल बोर्डाची खात्री पटेपर्यंत आतच राहायचं. काहींची किमान मुदत दोन वर्षांहूनही कमी होती. आठ हजारांहून अधिक लोकांना ही शिक्षा झाली. धोका कमी झाला हे दाखवायला तुरुंगातले अभ्यासक्रम पुरे करावे लागत, आणि त्या अभ्यासक्रमांना जागाच पुरेशा नव्हत्या. २०१२ मध्ये संसदेनं ही शिक्षा बंद केली, पण आधी ज्यांना झाली त्यांची तशीच ठेवली. त्यातले कित्येक जण किमान मुदत संपून वर्षानुवर्षं झाली तरी आतच राहिले. माणूस आत आणि त्याला बाहेरची तारीख माहीत नाही, याला मी न्याय म्हणू शकत नाही.

धोक्याचा शिक्का कुणावर बसतो, हे विदर्भात वेगळं सांगायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. १९५२ मध्ये तो कायदा गेला, मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आजही कुठे चोरी झाली की गाडी आधी पारधी बेड्यावर जाते. पोलीस ज्याच्याकडे वारंवार जातात त्याच्या नावावर नोंदी वाढतात, आणि त्याच नोंदी पुढे 'धोका' म्हणून मोजल्या जातात.

मग धोका बघायचाच नाही का? बघायचा. पण शिक्षेची कमाल मर्यादा केलेल्या गुन्ह्यावरून ठरावी, धोक्यावरून नाही. बचन सिंग खटल्यात, १९८० मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयानं फाशीबाबत नेमकी अट घातली: आरोपी समाजाला कायमचा धोका राहील आणि तो सुधारणार नाही, हे सरकारनं पुराव्यानं दाखवावं. म्हणजे ओझं सरकारवर. प्रत्यक्षात कित्येक वर्षं न्यायालयं गुन्ह्याची क्रूरता बघूनच हा निष्कर्ष काढत आली. २०२२ च्या मनोज खटल्यात न्यायालयानं आरोपीचा मानसिक अहवाल, घरची परिस्थिती, तुरुंगातली वर्तणूक, हे सगळं समोर आणायला सांगितलं.

आणि सुधारणा मोजता येते. मोर्शीचं खुलं कारागृह आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहे. शिक्षा भोगणारे कैदी तिथे उंच भिंतीशिवाय शेतीत राबतात. तिथे पाठवण्याआधी प्रशासनानं त्यांची अनेक वर्षांची वागणूक बघितलेली असते. माणूस प्रत्यक्ष कसा वागला, हे बघून बांधलेला अंदाज मला मंडळाच्या सरासरीपेक्षा कितीतरी भरवशाचा वाटतो.

एखाद्याला सोडायचं का, याच्या चौकशीला परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी किंवा पोलीस गावात येतात तेव्हा सरपंचांना, पोलीस पाटलांना, शेजाऱ्यांना विचारतात. बहुतेक वेळा "गावाचा आक्षेप आहे" एवढी एक ओळ लिहून घेतली जाते. पुढच्या वेळी तसं करू नका. कुणाचा आक्षेप, कशामुळे, त्यानं कुणाला काय धमकी दिली, ते तारखेनिशी सांगा. पीडितेच्या घरच्यांना भीती असेल तर तीही लिहून द्या. आणि तो पोरगा कामाला लागला असेल, त्यानं दारू सोडली असेल, तर तेवढ्याच स्पष्टपणे तेही लिहायला लावा.