रात्री अडीच वाजता मीटर काय सांगतं?

मंडळी, आज बाणेर-कोथरूडकडे दिसतात तशा मध्यम इमारतींबद्दल बोलू. तीन-चार मजले, एकाच वीजजोडणीवर चालणारं शोरूम, क्लिनिक किंवा ऑफिस. एनर्जी मॅनेजमेंट सिस्टीम (इमारतीतली वीज मोजून यंत्रं आपोआप बंद-चालू करणारी यंत्रणा) म्हटलं की विक्रेता आधी रंगीत स्क्रीन दाखवतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिला महिना काहीही आपोआप बंद-चालू करू नका. नुसतं मोजा, आणि सुरुवात रात्रीपासून करा. दिवसा चालणाऱ्या यंत्राला काहीतरी काम असतं. रात्री अडीच वाजता जे चालू असतं, त्यातलं बरंचसं कोणी बंद केलं नाही म्हणून चालू असतं.

समजा, बंद इमारत रात्री ९ ते सकाळी ९ सरासरी २ किलोवॅट ओढते. रोजचे २४ युनिट, महिन्याचे ७२०. वॉटर कूलर, दुकानाची पाटी, बंद न केलेले कॉम्प्युटर, गळक्या टाकीमुळे पुन्हा पुन्हा सुरू होणारा पंप. यात लसींचा फ्रिज असेल तर त्याला हात लावायचा नाही; त्याचं सर्किट आधीच वेगळं करून ठेवा.

मोजायला पाच थ्री-फेज मीटर पुरतात: मुख्य पुरवठा, एसी, दिवे, पंप-लिफ्ट आणि यूपीएस. मीटरचे आकडे कंट्रोलरपर्यंत नेणारी आरएस-४८५ ची ट्विस्टेड (पीळ दिलेली) वायर एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी सलग न्यायची, मध्ये फाटे फोडायचे नाहीत. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. प्रत्येक मीटरचा पत्ता (ओळख क्रमांक) वेगळा, आकडे पाठवण्याचा वेग मात्र सगळ्यांचा सारखा. दोन मीटरना एकच पत्ता दिला गेला की आकडे मधूनच गायब होतात आणि दोष उगाच वायरवर येतो.

खरी गफलत सीटीत होते. सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, मोठा प्रवाह ठरलेल्या प्रमाणात लहान करून मीटरला देणारं कडं; २०० / ५ म्हणजे २०० अँपिअरचे ५. एका फेजचा सीटी उलटा बसला आणि तिन्ही फेजवर सारखा भार असला, तर एकूण किलोवॅट एक तृतीयांशच दिसतात. २०० / ५ चा सीटी बसवून मीटरमध्ये १०० / ५ भरलं तर वापर निम्मा दिसतो, आणि मालकाला वाटतं बचत झाली! दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. २ किलोवॅट म्हणजे फेजला जेमतेम ३ अँपिअर. २०० अँपिअरच्या साध्या सीटीला इतका कमी प्रवाह नीट मोजता येत नाही. म्हणून मुख्य पुरवठ्यावर ०.५एस वर्गाचा, म्हणजे कमी प्रवाहही अचूक मोजणारा सीटी घ्या. आठवडाभर रोज ठरावीक वेळी महावितरणच्या मीटरशी ताळा करा. ३ टक्क्यांहून जास्त फरक आला तर पुढे जाऊ नका. आणि चालू लाइनवर सीटीची दुय्यम (मीटरकडची) बाजू कधीही उघडी सोडू नका. तिथे जीवघेणा व्होल्टेज तयार होतो.

भार २० किलोवॅटच्या वर असेल तर बिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे कामी आलेल्या युनिटबरोबर कामी न येता नुसती ये-जा करणारी वीजही त्यात धरली जाते. इथेही रात्रच नडते. पूर्वी ट्यूबलाइटसाठी बसवलेला कपॅसिटर एलईडी आल्यावरही तसाच जोडलेला राहतो. रात्री भार २ किलोवॅट आणि कपॅसिटर ५ केव्हीएआर (ये-जा करणाऱ्या विजेचं माप), तर पॉवर फॅक्टर (कामी येणाऱ्या विजेचं एकूण विजेशी प्रमाण) लीडिंग होतो, म्हणजे कपॅसिटरची भरपाई गरजेपेक्षा जास्त होते, आणि त्या तासाचे २ युनिट सुमारे ५.४ केव्हीएएच होतात. पॉवर फॅक्टर पुढे गेला तरी तो भुर्दंडच. तो कपॅसिटर काढा, किंवा लहान टप्प्यांचं ऑटोमॅटिक पॅनेल लावा.

आता डिमांड, म्हणजे बिलात धरला जाणारा महिन्यातला सर्वाधिक भार. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते हे आपल्याला पाठ आहे. ती परत येते तेव्हा सगळ्या खोल्या तापलेल्या असतात आणि बाराच्या बारा एसी एकदम पूर्ण जोरात चालतात. प्रत्येकी दीड किलोवॅट धरले तरी १८ किलोवॅट. सुरू होतानाचा क्षणिक झटका बिलात दिसत नाही, कारण मीटर ठरावीक मिनिटांची सरासरी धरतो. म्हणून दहा-दहा सेकंदांनी एसी सुरू करून काही साधत नाही. चार-चारचे तीन गट करा आणि गटांमध्ये २० मिनिटं ठेवा. कंट्रोलरच्या घड्याळाला बॅटरी हवीच, नाहीतर गुरुवारनंतर सगळं वेळापत्रक सरकतं.

इन्व्हर्टर एसीची वीज कॉन्टॅक्टरने (विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचने) तोडू नका, आतली इलेक्ट्रॉनिक कार्ड बिघडतात. रिमोटसारखा आदेश देणारा इन्फ्रारेड कंट्रोलर वापरा. पण त्याने पाठवलेला आदेश एसीपर्यंत पोचला की नाही, हे त्याला कळत नाही. एसीच्या मीटरवरचा प्रवाह उतरला का, हे सिस्टीमने तपासायला हवं. तापमान २४ वर ठेवा, एक अंश वाढवला की एसीची साधारण ६ टक्के वीज वाचते. मार्च-एप्रिलमध्ये पुण्याची पहाट थंड आणि कोरडी असते, तेव्हा सकाळी सहा ते आठ या वेळात एक्झॉस्ट फॅन चालवून भिंती निववता येतात. पावसाळ्यात हाच नियम बंद ठेवा, नाहीतर आत ओल भरते.

शेवटचा बिघाड माणसांकडून होतो. दिवाळीत दुकान उशिरापर्यंत उघडं असतं, म्हणून कोणीतरी पॅनेल ‘मॅन्युअल’वर टाकतं, आणि ते मार्चपर्यंत तसंच राहतं. म्हणून मॅन्युअलचं बटण दोन तासांनी आपोआप ‘ऑटो’वर येईल असंच बसवून घ्या. काम घेणाऱ्याला पैसे देण्याआधी ते स्वतः दाबून, दोन तास थांबून बघा.