एक थाप माफ

नमस्कार मंडळी.

अद्भुतकथा मोठी की विज्ञानकथा, या वादात आज शिरत नाही. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने दोघींचं भांडवल एकच असतं: एक थाप. माणूस अदृश्य होतो, विहिरीचं पाणी प्यायलं की खरं बोलावं लागतं, यान प्रकाशालाही मागे टाकतं. ही पहिली थाप वाचक हसत पचवतो, कारण त्यासाठीच त्याने कथा हातात घेतलेली असते. मात्र ती लवकर मारावी. कथा 3000 शब्दांची असेल तर पहिल्या 300 शब्दांत नियम कळलेला बरा. नायक कोंडीत सापडल्यावर नवव्या पानावर त्याला एकदम उडता येऊ लागलं, तर ती थाप नव्हे, लबाडी झाली.

थापेनंतर हिशोब चोख हवा. अदृश्य माणूसच घेऊ. आत आलेला प्रकाश दृष्टिपटल शोषून घेतं, म्हणून आपल्याला दिसतं. प्रकाश अंगातून आरपार जात असेल तर दृष्टिपटलातूनही जाणार, म्हणजे हा गडी ठार आंधळा. पुष्कळ लेखक इथे डोळेझाक करतात. (कोटी चुकून झाली, राहू द्या.) खरं तर कथा इथेच सापडते. त्याला दिसायला हवं असेल तर दृष्टिपटलं तेवढी अपारदर्शक ठेवावी लागतील: हवेत तरंगणारे दोन पुसट ठिपके. पापण्या पारदर्शकच राहिल्या, म्हणजे डोळे मिटले तरी अंधार होत नाही. हा झोपणार कसा? मला विचाराल तर बँक लुटण्याचा प्रसंग सोडा आणि त्या झोपेवर लिहा.

हिशोब म्हणजे आकडे पानावर ओतणं नव्हे. चाकासारख्या फिरणाऱ्या अंतराळस्थानकात वजन जाणवतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मिनिटाला 2 फेऱ्यांत पृथ्वीइतकं वजन हवं असेल तर चाकाची त्रिज्या सुमारे 224 मीटर लागते. लेखक घाईत 10 मीटरचं चाक बसवून मोकळा होतो. तेवढ्याशा चाकाला मिनिटाला जवळजवळ साडेनऊ गिरक्या घ्याव्या लागतील. उभ्या माणसाच्या पायाशी जो ओढा असेल, त्याहून डोक्याशी तो 17 टक्के कमी. दीड मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू सरळ खाली न पडता साधारण 65 सेंटिमीटर मागे, चाकाच्या फिरण्याच्या उलट बाजूला पडेल. मोठ्या चाकात हेच अंतर 12 सेंटिमीटरच्या आसपास राहतं. आता यातलं कथेत काय यावं? एवढंच: जुनी रहिवासी बाई पाणी ओतताना जग पेल्याच्या जरा बाजूला धरते, आणि नवखा पाहुणा सरळ धरून टेबल भिजवतो. बाकी सगळं तुमच्या वहीत.

अडचण आली की दुसरी थाप मारायचा मोह होतो. मंगळ आपल्यापासून साधारण साडेपाच कोटी ते 40 कोटी किलोमीटर असतो, त्यामुळे एका बाजूचा निरोप पोचायला 3 ते 22 मिनिटं लागतात. आई पृथ्वीवर, लेक मंगळावर, आणि दोघांची फोनवर हमरीतुमरी चाललीय, हे होणारच नाही. मग लेखक 'क्षणात पोचणारा फोन' शोधून काढतो आणि हातातली कथा घालवतो. समजा, त्या दिवशी निरोपाला 14 मिनिटं लागतायत. आई कळवते, "घर विकलं." पाच मिनिटांनी तिचं तिलाच खातं, म्हणून ती दुसरा निरोप धाडते: "तुला आधी विचारायला हवं होतं." इकडे पहिला निरोप ऐकताच लेक तडकतो आणि नको ते बोलून पाठवतो. पाच मिनिटांनी आईचा दुसरा निरोप येतो. लेकाचे शब्द तेव्हा वाटेत असतात, ते परत बोलावता येत नाहीत, आणि आई अजून 9 मिनिटं निर्धास्त असणार आहे. त्या 9 मिनिटांत सबंध कथा मावते.

जाता जाता: प्रकाशवर्ष हे अंतर आहे, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. 'अनेक प्रकाशवर्षांपूर्वी' असं लिहू नका.

अद्भुतकथेत भौतिकशास्त्राच्या जागी किंमत येते. जादूचं मोल कोण देतं, कधी देतं, आणि दिलेलं परत मिळतं का, ही तीन उत्तरं लेखकाकडे तयार हवीत. धरा की एका कंदिलाच्या उजेडात मेलेली माणसं दिसतात, आणि दर खेपेला पेटवणाऱ्याची एक आठवण जळते. 'हळूहळू त्याच्या आठवणी पुसट होत गेल्या' असं लिहिलंत की वाचकाच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी: आई उजेडात येते, त्याला लाडक्या नावाने हाक मारते, आणि हा मागे वळून बघतो की ती कोणाला बोलावतेय.

मराठीत लिहिणाऱ्याला एक जास्तीचा पेच असतो. आपलं क्रियापद लिंग उघडं करतं. परग्रहवासी 'आला', 'आली' की 'आलं', हे पहिल्याच वाक्यात ठरतं. 'ते आलं' म्हटलं की डोळ्यांपुढे तान्हं मूल नाहीतर जनावर येतं. तेच हवं असेल तर उत्तम. नावं ठेवताना विभक्ती लावून मोठ्याने वाचा. 'झ्रिक्स' दिसायला झोकदार, पण झ्रिक्सला, झ्रिक्सच्या, झ्रिक्सशी करत 20 पानं काढायची आहेत. या भाषेची देणगीही आहे. यंत्रमानव मालकाला 'तुम्ही' म्हणतो की 'तू'? कथाभर 'तुम्ही' म्हणणारं यंत्र एका रात्री शांतपणे म्हणालं, "तू झोप आता", तर स्फोट, भोंगे, लाल दिवे यांची गरज उरत नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं. 'कल्पना भन्नाट आहे' हा अभिप्राय फारसा उपयोगाचा नाही. थाप काढून कथा वाचून बघा. तीच माणसं तसंच वागत असतील आणि काहीच बिघडत नसेल, तर थाप नुसती शोभेची होती. आणि नाव झाकून वाचा. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस त्या जगतापांना मिळालं.

तेव्हा मध्यंतरानंतर ज्या चार कथा वाचायच्या आहेत, त्यांवर नावं नाहीत. प्रत्येकाने समासात दोनच खुणा करायच्या: थाप कळली तिथे फुली, आणि दुसरी थाप सापडली तिथे गोल. पेन्सिली दाराजवळच्या टेबलावर आहेत.